एकतीस फाटकं

आजी एदुविहेस एक्याऐंशीची आहे. तिला सगळं आठवतं.
कुठली गाय कुठल्या साली दरीत पडली,
लग्नात कोणी किती आहेर केला,
आणि आजोबा कुठल्या दिवशी पहिल्यांदा
बूट हातात धरून विचारत बसले,
"हे काय असतं गं?"
मंगळवार होता, म्हणते. पंचेचाळिसावं लागलं होतं त्यांना.

ती या घराण्यात बाहेरून आली,
तिच्या रक्तात ते नाही.
म्हणून तिच्या वाट्याला आलं भरवणं.
आधी नवरा, मग थोरला, मग नोएमी आत्या,
आता माझे बाबा.
"आ कर, एव्हेरार्दो."
सत्तेचाळीस वर्षांचा माणूस आ करतो.
मक्याच्या भाकरीचा घास गालातच राहतो.
गिळायचा असतो, हे ती
त्यांच्या गळ्यावरून बोट फिरवून सांगते.
वरून गुळाचं गरम पाणी, चमच्याने.

गावात याला खूळ म्हणतात.
मेदेयीनचे डॉक्टर लांबलचक नाव घेतात.
आजी नावच घेत नाही. "आलं," म्हणते,
कोणी सांगून ठेवलेलं असावं तसं.

बाबा दुधाची गाडी चालवायचे.
पहाटे तीनला, धुक्यात,
डोंगराच्या अंगावरून एकतीस फाटकं.
कॅनवर बोटाच्या पेराने टकटक केली
की झाकण न उघडता सांगायचे, किती भरलाय.

दुवान नऊ वर्षांचा आहे.
बाबांच्या घोट्याला दोरी बांधतो,
दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला,
आणि झोपतो. म्हणजे झोपत नाही.
शाळेत बाकावर पेंगतो.
बाईंनी चिठ्ठी पाठवली: मुलगा मंद वाटतो.
आजीने ती चुलीत घातली
आणि त्याला दोन अंडी तळून दिली.

मी तेवीसची.
गेल्या वर्षी अडीच महिने उठलेच नाही अंथरुणातून.
काही दुखत नव्हतं. केस विंचरायचे
एवढंही डोंगराएवढं वाटायचं.
आजी दाराशी उभी राहून
ओठांत काहीतरी मोजत होती.
मग आत आली, पायांवर घोंगडी ओढली.
"तेवीस म्हणजे फार लवकर," म्हणाली.
"हे ते नाही. हे नुसतं दुःख आहे.
दुःख बरं होतं."

माझं रक्त मेदेयीनला आहे.
लुसेली नर्स दर दोन-तीन महिन्यांनी फोन करते:
निकाल तयार आहे, घाई नाही, तुला हवा असेल तेव्हा.
मी म्हणते, कॉफीची तोडणी होऊ दे.
आमच्या उंचीवर कॉफी होत नाही,
ते तिलाही माहीत आहे.

एका रात्री दोरी सुटली.
बाबा चौदाव्या फाटकाशी सापडले,
ओल्या गवतात बसलेले, कॅनची वाट बघत.
"तू कोणाची?"
मी म्हटलं, "तुमची मदतनीस. आजपासून."
"मग ऐक," म्हणाले, आणि माझी बोटं
फाटकाच्या ओल्या लाकडावर आपटली.
"रिकामं आहे. कळलं?"
कळलं, म्हटलं.

तेव्हापासून रात्री मी फाटकं मोजते.
झोप यावी म्हणून नव्हे.
परवा तीसच भरली.
पुन्हा मोजली. तीस.
छातीवर कोणी पोतं ठेवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन
सांडशी, परात, मीठ,
एकेक वस्तू हातात घेऊन नाव घेत राहिले
उजाडेपर्यंत.

आजी दूध तापवत होती. तिला विचारलं.
"बरोबर आहे की," ती म्हणाली.
"दरड आली त्या वर्षी उस्तोर्ख्योचं फाटक गेलं,
घर, गोठा, सगळं.
आता तीसच आहेत.
एकतीस फक्त तुझ्या बापाची."

मी इतकी हसले की दुवान जागा झाला.

मग दूध उतू गेलं, ते पुसताना मनात आलं:
मी गाळलं ते फाटक
उस्तोर्ख्योचंच होतं का?